सदतीस अंश, हळर्ण

पुण्याहून सकाळच्या एसटीने निघाले तेव्हा माझ्या मांडीवर काचेची एक मोठी हंडी होती. जाड काच, वर घट्ट बसणारं झाकण, आणि झाकणाला उघडमीट करायची एक छोटी तोटी. प्रयोगशाळेत रोजची पाहिलेली वस्तू, पण बसमध्ये तिच्याकडे सगळं गाव बघत होतं. कंडक्टरने तिकिटाला भोक पाडता पाडता विचारलं, "लोणचं कुठं चाललंय?" मी म्हटलं, "रिकामी आहे. गोव्यात भरणार." हे उत्तर फार चुकलं. मागच्या बाकावरचे दोघेजण सावंतवाडी येईपर्यंत मला काजूची दारू कुठली घ्यावी ते समजावून सांगत राहिले.

खरं म्हणजे त्या हंडीत मला हिवतापाचे जंतू वाढवायचे होते. मी तेव्हा परोपजीवी जीवांवर पीएच.डी. करत होते. बऱ्याच जागी हिवतापाच्या नेहमीच्या गोळ्या लागू पडेनाशा झाल्या होत्या. असा दाद न देणारा जंतू जिवंत पकडायचा, प्रयोगशाळेत वाढवायचा आणि मग त्याच्या डीएनएत काय बदललंय ते शोधायचं, हा माझा विषय. कागदावर छान दिसत होता. दोन वर्षं झाली तरी माझ्याकडे एकही जिवंत जंतू नव्हता. निघायच्या आदल्या दिवशी सरांनी मला समोर बसवलं आणि शांतपणे सांगितलं, "गोव्याहून एक तरी जिवंत नमुना आणा. नाही आणलात तर विषय बंद करू. तुम्हाला कॉलेजात शिकवायची नोकरी मिळेल, ती घ्या." सर रागावून बोलत असते तर बरं वाटलं असतं. ते काळजीने बोलत होते, त्यामुळे मला वादही घालता येईना.

पत्रादेवीचा नाका ओलांडला आणि रस्त्याकडेची झाडी एकदम दाट झाली. गोवा घटक राज्य होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पेडण्याला उतरले तर एका सरकारी कचेरीवर शिडी लावून रंगारी पाटी नव्याने लिहीत होता. 'गोवा' एवढं झालं होतं आणि पुढच्या दमण-दीववर त्याने नुसता पांढरा हात मारला होता. खाली तीन-चार मंडळी आता कोकणी किती आणि मराठी किती यावर तावातावाने बोलत होती. मी हंडी सांभाळत उभी होते. तेवढ्यात त्यांतलाच एकजण वाद अर्धा टाकून माझ्याकडे आला. "पुण्याच्या बाई न्हय? मी सगुण."

सगुण हा डिचोली भागातल्या आरोग्य केंद्राचा फिरता कर्मचारी. ताप आलेल्यांच्या बोटाला टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, हे त्याचं काम. राहायला मात्र तो नदीच्या अलीकडे, पेडणे तालुक्यातल्या हळर्णला होता, आणि माझी सोय त्याने तिथेच आपल्या मावशीकडे केली होती. "मावशीकडे वीज आसा, खोली आसा, जेवणाक तर तोड नाय," तो म्हणाला. तिन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या, फक्त वीज मधूनमधून.

शेवंतीमावशी पन्नाशीच्या पुढची, सडसडीत, खणखणीत आवाजाची बाई. ती गावची वयजीण (सुईण) होती. हळर्णच्या जुन्या किल्ल्याच्या पडक्या तटापासून नदीकाठापर्यंत जेवढी पोरं खेळताना दिसत, त्यांतली बहुतेक तिच्या हातावर जन्मलेली. मी ओटीवर पाय ठेवला तशी ती म्हणाली, "ये गे बाय, बस. पयलां पाणी घे, मगे तुजां नाव सांग." पाणी झालं, नाव झालं. मग जनेलात (खिडकीत) ठेवलेल्या माझ्या हंडीकडे बघून तिने विचारलं, ह्यात काय घालणार? मी म्हटलं, जिवंत वस्तू.

जेवायला उकड्या तांदळाचा भात, तिरफळं घातलेलं बांगड्याचं हुमण (आमटी) आणि सोलकढी होती. सकाळी उंडे (जाड कवचाचे गोल पाव) यायचे आणि दहाच्या सुमाराला पेज. पुण्यात मी जेवताना पुस्तक वाचत असे. इथे चौथ्या घासाला पुस्तक बाजूला पडलं. मावशी रोज मराठी वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची आणि बोलायची मात्र आपल्या बोलीत. मी एकदा तिला विचारलं, तुमची भाषा कुठली म्हणायची? ती हसली. "वाचूक मराठी बरी. पण भांडूक आमकां आमचीच भास जाय (हवी)." पेडण्याच्या पाटीखालचा वाद मला त्या दिवशी थोडासा समजला.

तिसऱ्या दिवशी आम्ही लाटंबार्शाला गेलो. हळर्णहून होडीने नदी ओलांडायची आणि पलीकडे डिचोली तालुक्यात शिरायचं. भात पिवळं झालं होतं, काही कुणग्यांत (भाताच्या खाचरांत) कापणी चालू होती, चढावर काजूची राई. राई संपली तिथे कारखान्यांच्या नव्या शेड उभ्या राहत होत्या. कामावर सगळी कोल्हापूर आणि बेळगावकडची माणसं. नुकत्याच ओतलेल्या स्लॅबवर, काँक्रीट वाळून तडकू नये म्हणून, मातीचे छोटे बांध घालून पाणी साठवलं होतं. सगुणने चहाच्या कोपाने (कपाने) त्यातलं पाणी उचलून मला दाखवलं. डासांच्या अळ्या वळवळत होत्या. त्याच स्लॅबच्या खाली माणसं झोपत होती.

तिथे परशराम भेटला. चंदगडकडचा गवंडी, तिशीचा. महिन्याभरात त्याला तिसऱ्यांदा ताप आला होता. दर वेळी गोळ्या घ्यायचा, चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा हुडहुडी. केंद्रातल्या एकाने तर त्याच्या तोंडावर सांगितलं होतं की तू गोळ्या थुंकतोस. "थुकून काय करू वो बाई?" तो भिंतीला टेकून म्हणाला. "कडू हाईत म्हणून? पोरं हाईत माझी गावाकडं. मला काय मरायची हौस हाय?"

मी सूक्ष्मदर्शकातून त्याचं रक्त पाहिलं. मला हवा तोच जंतू होता, भरपूर होता, आणि तीनदा गोळ्या खाऊन जिवंत होता. पणजीहून क्विनाईन मागवलं होतं, ते परवा येणार होतं. एकदा ते सुरू झालं की जंतू मरणार, आणि मरायलाच हवे होते. मला आज आणि उद्या एवढेच दिवस होते. दंडातून चमचाभर रक्त घेतलं. परशराम दुसरीकडे तोंड करून बसला होता.

आता ही पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. हे जंतू मोकळ्या हवेत तगत नाहीत. त्यांना ऊब लागते सदतीस अंशांची, म्हणजे आपल्या अंगाएवढी, आणि हवेत प्राणवायू थोडा कमी लागतो. मोठ्या प्रयोगशाळांत त्यासाठी वायूंच्या टाक्या असतात. आमच्याकडे मेणबत्ती होती. हंडीत रक्ताच्या तबकड्या ठेवायच्या, शेजारी मेणबत्ती पेटवायची, झाकण लावायचं. ज्योत आतला प्राणवायू खाते, लहान होते आणि विझते. त्याच क्षणी तोटी बंद करायची. आत राहिलेली हवा जंतूंना मानवते. मग ती हंडी उबेच्या पेटीत. माझी पेटी म्हणजे आत बल्ब लावलेला एक लाकडी खोका होता.

संध्याकाळी सगळं मनासारखं जमलं. काही तबकड्यांत नेहमीचं औषध घातलं होतं, काहींत नव्हतं. औषधातही जंतू वाढले, तर परशराम खरं बोलतोय हे सिद्ध होणार होतं. एका लहान बाटलीत नुसतीच वाढ ठेवली होती, ती पुण्याला न्यायची. ज्योत विझली, तोटी बंद केली आणि मी स्वतःवर खूश होऊन किल्ल्याकडे फिरायला गेले. तटाच्या दगडांतून झाडं वाढली होती, खाली नदीचं वळण दिसत होतं. मी तिथे बसून मनातल्या मनात प्रबंधाचं पहिलं प्रकरणसुद्धा लिहून टाकलं.

परत आले तर खोक्याचं दार उघडं होतं. हंडीचं झाकण किंचित बाजूला सरकवलेलं, आणि आत मेणबत्ती छान तेवत होती. तबकड्यांतला जंतूंच्या खाद्याचा फिकट नारिंगी द्रव जांभळा-गुलाबी झाला होता. तो रंग म्हणजे आतली हवा निसटली आणि द्रवाचा गुण बदलला. जंतू त्यात जगत नाहीत.

मी ओरडले. सरळ सांगते, घरात पाहुणी म्हणून राहून, ज्या बाईच्या हातचं तीन दिवस जेवत होते तिच्यावर डोक्यात राख घालून ओरडले. दोन वर्षं, विषय, नोकरी, काय काय बोलले ते आता आठवत नाही. मावशी स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होती.

"दिवो शांत जाल्लो गे," ती हळूच म्हणाली. "तू म्हणलंय, भितर जिती (जिवंत) वस्तू आसा. जित्या जिवाकडलो दिवो असो मरूक दितत? म्यां परत पेटयलो. तुज्या कामाक अपेस (अपयश) येवचां न्हय म्हणून."

तेव्हा उलगडा झाला. बाळंतिणीच्या खोलीतला दिवा मावशी कधी विझू देत नसे. मूल जगलं, बाराव्या दिवशी नाव ठेवलं, की मग तो दिवा शांत करायचा. बाळ-बाळंतीण दुसऱ्या गावी गेली तर सुखरूप पोचल्याचा निरोप येईपर्यंत आपल्या घरी दिवा ठेवायचा. तीस वर्षं ती हे पाळत आली होती, आणि माझ्या हंडीजवळही तिने तेच केलं होतं. मला रडू फुटलं. रागाचं होतं की लाजेचं ते कळलं नाही. मावशीने विचारलं, "परत रगत मेळात?" मी म्हटलं, मिळेल, पण उद्याच, आणि कुठल्या तोंडाने मागू?

सकाळी बघते तर ती नऊवारी नेसून, डोक्यात आबोलीची फाती (गजरा) माळून ओटीवर तयार. "मी येतां," म्हणाली. होडीतून उतरताना माझा पाय घसरला आणि खांद्यावरचा थर्मास काठाच्या दगडावर आपटला. आतली काच खळकन फुटली. वाढलेली बाटली मी त्याच थर्मासमधून कोमट ठेवून नेणार होते. "जावं दे, मगे बगू," मावशी म्हणाली आणि पुढे चालायला लागली.

परशराम कांबळं पांघरून पडला होता. मला पाहून उठून बसला. "कालच तर काढलासा की रगात?" मी तोंड उघडायच्या आत मावशी त्याच्यासमोर जमिनीवर बसली. "चूक हिची न्हय, माजी. झाकण म्यां उगडलां. तुजां रगत फुकट गेलां तां माज्या हातान. माका खबर नासली (नव्हती). आता तू दी म्हण, नाका म्हण, पण ह्या पोरीचेर राग धरू नको."

परशरामने तिचं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळला. "आमचं रगात चार वेळा नेलं असंल. त्याचं काय झालं त्ये कुणी सांगितलं न्हाई. वाया गेलं म्हणून सांगायला येवढ्या लांब कोन येतंय व्हय?" आणि त्याने कांबळ्यातून हात बाहेर काढून माझ्यापुढे धरला.

मला त्याचे आभार मानायचे होते. मी सुई काढून कामाला लागले आणि ते राहूनच गेलं. मावशीने पिशवीतून तांदळाच्या पेजेचा डबा काढून त्याच्यापुढे ठेवला, निदान तेवढं तरी मी करायला हवं होतं.

दुसऱ्या वेळी ज्योत विझली तेव्हा मावशी शेजारीच उभी होती. तिने हंडीला हात लावला नाही. देवघरातलं निरांजन आणून हंडीबाहेर ठेवलं आणि म्हणाली, "तुजो भितर, माजो भायर." मला काहीच हरकत नव्हती.

दोन तास झाले आणि वीज गेली. सगुण विचारून आला, कुठेतरी खांब पडला होता, उद्या दुपारशिवाय येणार नव्हती. बल्ब विझला म्हणजे खोका नुसताच खोका. मी हातपाय गाळून बसले. मावशीने एकच प्रश्न विचारला. "कितली ऊब जाय?" मी म्हटलं, अंगाएवढी. माझ्याएवढी, तुमच्याएवढी. "म्हणजे भुरग्याच्या (बाळाच्या) न्हाणाची," ती म्हणाली आणि हंडी उचलून न्हाणीघरात घेऊन गेली.

तिथे चुलीवर पुरलेलं तांब्याचं भाण (पाणी तापवायचं भांडं) होतं. तिने गरम पाणी काढून घंगाळात घेतलं, त्यात थंड मिसळलं, बाही वर केली आणि कोपर बुडवून पाहिलं. पुन्हा थोडं थंड. पुन्हा कोपर. मग मान हलवली. मी तापमापक बुडवला. पारा सदतीसवर थांबला. अर्धा अंश इकडे नाही की तिकडे नाही. मी तो बाहेर काढून झटकला आणि परत बुडवला, तरी तेच. मावशीला माझी गंमत वाटत होती. हंडी तिने घंगाळात अर्धी बुडवून ठेवली, वरून गोणपाट पांघरलं. मी कधी झोपले कळलं नाही. सकाळी उठले तेव्हा ती तिथेच चुलीशी बसून कोपराने पाणी बघत होती, आणि निरांजन जळत होतं.

दुपारी तबकड्या तपासल्या. औषध नसलेल्या तबकडीत जंतू वाढले होते. औषध असलेल्या तबकड्यांतही वाढले होते, अगदी माजल्यासारखे. मी एकेक थेंब तीनतीनदा मोजला. मग सगुणला सायकलवरून केंद्रात पिटाळलं. तो परत आला तो हसतच. क्विनाईन आलं होतं, परशरामला पहिला डोस दिला होता, आणि केंद्रातल्या डॉक्टरांनी स्वतः शेडवर जाऊन त्याला सांगितलं होतं की तू गोळ्या थुंकत नव्हतास. "रडलो तो," सगुण म्हणाला. "माका वाटलां, सुई लागली."

राहिली बाटली. थर्मास फुटलेला, पुण्यापर्यंत सबंध दिवसाचा प्रवास. ह्या वेळी मला काही सुचायच्या आत मावशीने जुन्या सुती लुगड्याची एक लांब पट्टी फाडली. बाळंतिणीचं पोट बांधतात तसं तिने मला उभं करून बाटली पोटाशी लावली आणि पट्टीचे वेढ्यावर वेढे घातले. गाठ मारताना तिच्या हाताला जी सवय होती ती मला पाठीवर कळत होती. "शेक पोटाचो. हाचे परस (यापेक्षा) बरी ऊब खंय मेळात?" ती म्हणाली. मी वाकून नमस्कार करायला गेले तर ओरडली, "वाकू नको गे, फुटात!"

परतीच्या बसमध्ये त्या पोटामुळे माझी फार बडदास्त झाली. एका काकूंनी खिडकीची जागा दिली, कोल्हापूरच्या स्टँडवर कुणीतरी आवळासुपारी हातावर ठेवली. त्याआधी बांद्याला नाक्यावर दारू तपासायला पोलीस चढला होता. रिकामी हंडी त्याने उलटीपालटी करून पाहिली आणि मग माझ्या पोटाकडे पाहून एकदम मवाळ झाला. "जपून जावा ताई." मी मान डोलावली. खोटं बोलल्यासारखं मुळीच वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली घातली. मग डोळा न काढताच म्हणाले, "जिवंत आहेत. विषय बंद करायचा नाही." माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी विचारलं, प्रवासात तापमान कसं राखलंत? मी सांगितलं. सर हसले नाहीत. वहीत त्या वाणाचं नाव त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, 'हळर्ण १'. पुढे मी त्या जंतूच्या डीएनएवर प्रबंध लिहिला, नोकरी मिळाली, आणि आज माझे विद्यार्थी ज्या कामावर आहेत त्याचा धागा त्याच बाटलीपर्यंत जातो.

पण त्या आनंदात मी एक गोष्ट केली नाही. रोज बाटली बघायची, रोज नवीन रक्त घालायचं, यात महिना उलटला, आणि मग सगुणचं पोस्टकार्ड आलं. अक्षर त्याचं, मजकूर चार ओळींचा. 'परशराम बरा आहे, कामावर जातो. मावशी विचारते, बाटली जिवंत पोचली काय? तुम्ही गेल्यापासून तिने न्हाणीघरात दिवा ठेवला आहे, रोज तेल घालते, तुमची खबर आल्याशिवाय शांत करणार नाही म्हणते.'

मी कार्ड हातात घेऊन तशीच तार ऑफिसात गेले. फॉर्मवर 'जिवंत पोचलं. उशिराबद्दल क्षमा. दिवा शांत करा,' एवढं लिहिलं. खिडकीतल्या कारकुनाने ते वाचून वर पाहिलं आणि आपुलकीने विचारलं, "मुलगा की मुलगी?"

मी फॉर्म परत मागून घेतला, 'दिवा शांत करा' हे शब्द खोडले आणि त्या जागी लिहिलं, 'दिवा राहू द्या. मी येते.'